आबांची भूक

या शहरात कुठं काय खावं, हे मला विचारावं. बढाई म्हणा हवं तर, पण ती मला शोभते. माझं माहेर गुलमंडीचं. खिडकीतून खाली वाकलं की हलवायाची कढई दिसायची, आणि वारा सिटी चौकाकडून असला की नानच्या भट्टीचा वास सरळ माजघरात येऊन बसायचा. आमच्या स्वयंपाकघरात मटण शिजत नसे. वडिलांचे चुलतभाऊ जमले की मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली जाई, वेगळं पातेलं निघे आणि पुरुषच ते शिजवत. नान मात्र विकतचे येत, हळद-गुळाचं पाणी फिरवलेले, पिवळेधमक आणि चकाकणारे. आई नाकाला पदर लावून त्यातले दोन-चार हळूच बाजूला काढून ठेवी आणि सकाळी आम्हा मुलींना दुधात बुडवून देई. मटण वर्ज्य, नान नाही, असा तिचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

माझेही असेच निकाल आहेत. इम्रती गरम खायची नाही, ती रात्रभर पाकात मुरली पाहिजे. पैठण गेटची भजी संध्याकाळी, पण तेल बदललेलं असेल त्याच दिवशी, आणि ते दुकानदाराच्या तोंडाकडं बघून कळतं. सीताफळं दौलताबादकडच्या बायका टोपलीत पाल्यावर मांडून आणतात तीच घ्यावीत. मिरची लासूर स्टेशनच्या बाजारातली, कुणी तिकडून येणारं असेल तर. फळं शहागंजातून, दुपारी, भाव उतरल्यावर. भाजी मात्र औरंगपुऱ्यातूनच. कुणाला पटत नसेल तर त्यानं खुशाल दुसरीकडं जावं आणि पस्तावावं.

लग्नानंतर मी खडकेश्वराजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत आले. चिकलठाण्याला तेव्हा कारखाने नवे नवे निघत होते आणि हे त्यातल्या एकात नोकरीला होते. यांचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. तिथं शेती, बैल, आणि सासू-सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. उंच, हडकुळे, डोक्याला पांढरा पटका, आणि बोलणं असं की शब्द जणू बाजारातून विकत आणावे लागतात.

सासूबाई एका उन्हाळ्यात गेल्या. जमीन बटईनं दिली, बैल भावकीत गेले आणि घराला कुलूप लागलं. पोळा झाल्यावर हे आबांना शहरात घेऊन आले. आबांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, “दिवाळीपर्यंत ऱ्हातो. मंग बघू.” यांच्या घराण्यात ‘मग बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. दिवाळीनंतर आबा त्या कुलूपबंद घरात परत जाणार होते. तिथं चूल पेटवणारं कुणी नव्हतं आणि आबांनी जन्मात कधी चूल पेटवली नव्हती. यांना रात्री झोप लागेना.

मलाही आबा हवे होते, हे सरळच सांगते. माझे वडील माझ्या लग्नाआधीच गेले. नवी सून म्हणून मी गावी गेले तेव्हा गोठ्यावरून विहिरीकडं जायला फार भ्यायचे. एकदा एका गाईनं शिंग उगारलं तेव्हा मी किंचाळले होते, आणि सगळी आळी हसली होती. आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी घागर उचलली की ते काठी टेकत माझ्या पुढं चालू लागत. एक शब्द बोलत नसत. विहीर आली की परत फिरत. असा माणूस घरात असावा, एवढंच मला वाटे.

तेव्हा मी मनाशी ठरवलं की या शहराच्या बळावर आबांना ठेवून घ्यायचं. पोटातून माणूस राजी होतो, आणि पोटाचं मला कळतं.

पण आबा जेवेनात. मी त्यांना सगळ्यांच्या आधी पाटावर बसवायची, लोटा भरून ठेवायची, डोक्यावरचा पदर सावरून वाढायची. एक भाकरी खाऊन हात थांबे. मी अदबीनं विचारी, “आबा, अजून देऊ?” ते मान हलवत, “नको.” मी भाकरीची दुरडी उचलून आत नेई. आत जाऊन भरल्या दुरडीकडं बघत बसे.

मग मी एकेक हुकमी पत्ता काढला. मुरलेली इम्रती आणली. आबांनी टोकाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “चांगली हाय.” आणखी? “नको.” दौलताबादची सीताफळं आणली, त्यांतलं एक खाल्लं आणि बिया नीट कागदात बांधून दिल्या. यांना डबा देऊन नान आणि मटणाचा कलिया आणायला पाठवलं आणि गच्चीवर वेगळं ताट मांडलं. त्या दिवशी आबांनी बोटं चाटली, ती मी या डोळ्यांनी पाहिली. धावत जाऊन विचारलं, “अजून देऊ?” बोटं थांबली. “नको.” राहिलेला कलिया यांनी एकट्यानं संपवला आणि वर मलाच म्हणाले, तू उगाच जास्त मागवतेस.

म्हटलं, घरात संकोच वाटत असेल, तर हॉटेलात नेऊ. एका संध्याकाळी आबांना घेऊन मी पैठण गेटला गेले. तेल बदललेलं होतं, दुकानदार प्रसन्न होता. मी आत जाऊन बाकावर बसले, वळून बघते तर आबा नाहीत. ते बाहेर रस्त्यावर हॉटेलाकडं पाठ करून, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे, जणू हॉटेल नावाची वस्तू तिथं नाहीच. गल्ल्यावरच्या चाचांनी आवाज दिला, “बाबा, अंदर आके बैठो ना, बाहर कायकू खडे?” आबा हलले नाहीत. मी भज्यांचा पुडा बांधून घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांनी मला समजावलं. आपलं घर ज्या गावात हाय त्या गावात हॉटेलात खाऊ नये. कुणी पाव्हण्यारावळ्यानं बघितलं तर म्हणेल, सून जेवू घालत नसंल. हे ऐकून मला भरून आलं आणि रागही आला. माझ्या अब्रूची एवढी काळजी, आणि माझ्या भाकरीला मात्र हात लावायचा नाही.

नवरात्र गेलं. आबांच्या सदऱ्याचे खांदे लोंबू लागले. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ बघितली, आणि वय झालं, बायको गेली, असं चालायचंच म्हणून एक लाल टॉनिक दिलं. ते भूक वाढवणारं होतं. आबा ते दोन्ही वेळेला नेमानं घेत आणि नेमानं नको म्हणत. सकाळी मात्र ते पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडत ते ऊन चढल्यावर येत, आणि येताना जरा बरे दिसत. चालण्यानं बरं वाटत असेल, असं आम्ही समजत होतो.

दिवाळी तोंडावर आली. फराळाची भाजणी भाजता भाजता मला एकाएकी अंबाडीची आठवण झाली. सासूबाई अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून करायच्या आणि वर लसणाची फोडणी द्यायच्या. औरंगपुऱ्यात त्या दिवशी अंबाडी नव्हती. एक बाई म्हणाली, शहागंजात बघा, फुलंब्रीकडच्या बाया पहिल्या एसटीनं घेऊन येतात. सकाळच्या शहागंजात मी कधी जात नसे, पण त्या दिवशी गेले.

मंडईच्या तोंडाशी शेपू, तांदुळजा, अंबाडीचे ढीग घेऊन बाया ओळीनं बसल्या होत्या. त्या ओळीत मला पांढरा पटका दिसला. आबा पोत्यावर मांडी घालून बसले होते, काठी मागं भिंतीला टेकवलेली. एक गिऱ्हाईक आलं तर त्यांनी अंबाडीची जुडी उचलून, पाणी झटकून पुढं केली आणि शेजारच्या म्हातारीनं पैसे घेतले. मग म्हातारीनं फडकं सोडलं. भाकरी काढली, ठेचा ठेवला, आबांच्या हातावर दिली. ती संपली तशी दुसरी पुढं केली. आबा म्हणाले, “नको, नको, तुला ऱ्हाऊ दे.” म्हातारीनं ऐकलंच नाही, हातावर टाकली. आबांनी ती मोडली आणि खाल्ली, चांगली चवीनं, मान खाली घालून.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दौलताबादपासून शहागंजापर्यंत मी शहर पालथं घातलं, टॉनिकं पाजली, आणि हा माणूस रस्त्यावर बसून परक्याची भाकरी खातोय. हॉटेलात माझी अब्रू जात होती, ती इथं जात नव्हती काय? मी सरळ समोर जाऊन उभी राहिले.

आबा घाईनं उठायला गेले. काठी सापडेना. म्हातारीनं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं आणि माझ्याकडं बघितलं. “सून व्हय? बस हितं.” मी बसले नाही. मी विचारलं, घरी भरली दुरडी समोर असते, तिथं नको म्हणतात, आणि इथं कसं चालतं?

म्हातारी म्हणाली, “नको म्हटल्यावर तू काय करतीस?”

मी म्हटलं, दुरडी उचलून आत नेते. दुसरं काय करणार?

म्हातारीनं शेजारणीला हाक मारून ते सांगितलं, तिनं पलीकडचीला. सगळी ओळ माझ्याकडं वळली. “अगं बाई,” म्हातारी म्हणाली, “पयल्या डावाला कोण व्हय म्हणतं? जनावर बी म्हणत नाय.”

आता मला काय ठाऊक? आमच्या गुलमंडीच्या घरात पंगत मोठी आणि वडील कडक. ‘नको’ म्हटलं की नको. त्यावर कुणी वाढलं तर वडील ताटावरून उठायचे. आग्रह म्हणजे समोरच्याच्या शब्दाला किंमत न देणं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी आबांचा मान राखत होते, आणि आबा माझा. आपणहून मागून घ्यावं तर हावरे दिसतील, पहिल्याच विचारण्याला हो म्हणावं तर त्याहून वाईट. मी दुसऱ्यांदा विचारावं म्हणून ते थांबायचे, आणि मी निघून जायची. दोघंही इतके सभ्य, की एक जण उपाशी राहिला होता. आमच्या घरची ही शिस्त मी त्या बाईला सुनावली. तर ती म्हणाली, तुझी सासू बरी होती, ती विचारायचीच नाय. आमचं गाव तिच्या माहेरालगतचं, मला ठावं हाय.

आबा पायाशी पडलेला अंबाडीचा पाला गोळा करत होते. ते फक्त एवढंच म्हणाले, “तुझ्या हातचं चांगलं हाय, बाई. त्यात खोट नाय.” मग मी अंबाडी घेतली आणि आम्ही दोघं घरी आलो. ते पुढं चालत होते.

त्या संध्याकाळी मी अंबाडी केली, कण्या घालून. हे कामावरून यायचे होते. आबांना पाटावर बसवलं आणि मी समोरच जमिनीवर बसले, दुरडी मांडीवर घेऊन. पहिली भाकरी संपली. मी विचारलं नाही, दुसरी ताटात टाकली. “नको” म्हणाले, आणि खाल्ली. तिसरी टाकली. “नको, नको,” आणि तीही मोडली, भाजीत कुस्करून, बोटांनी ताटाची कड पुसून घेत. मला इतका आनंद झाला की मी चौथी उचलली. मग हात हवेतच राहिला. आता खरं ‘नको’ कुठलं, हे मला कळेना. आबांनीही वर बघितलं. भाकरी माझ्या हातात, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघतोय.

मी विचारलं, “आबा, थांबायचं कधी?”

त्यांनी ताटाकडं बघितलं. मग म्हणाले, “मला काय ठावं? माजी भूक किती ते तिलाच ठावं असायचं. मी कधी बघितलंच नाय.”

सासूबाई गेल्यापासून आबांना मी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत, हात फक्त ताटात तसाच राहिला. माझेच डोळे वाहायला लागले, आणि पदराला पीठ लागलेलं, तेच डोळ्यांत गेलं. मी चौथ्या भाकरीतली अर्धी मोडून त्यांच्या ताटात ठेवली.

“आबा,” मी म्हटलं, “हे शिकायला मला दिवाळीपर्यंतचा वेळ पुरायचा नाही.”

त्यांनी ती अर्धी भाकरी हातात घेतली.

“नाय पुरायचा,” आबा म्हणाले, आणि जेवू लागले.