रस्ता ओलांडण्यापुरती शांतता

मागच्या रविवारी आपला व्हिडिओ कॉल चालू असताना इकडे बाहेर दोन मोठे बार झाले आणि तुम्हा दोघांचे चेहरे एकदम बदलले. धाकट्याने विचारलं, "आजी, कुणी गोळी झाडली?" तुमच्या बाबाने घाईने विषय बदलला. गोळी नव्हती रे. माधवनगरच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, एवढंच. पण या गाड्यांविषयी मला तुम्हाला नीट सांगायचंच आहे, कारण आजोबा अंगणात घसरून पडले असं आम्ही तुम्हाला कळवलं होतं, ते खरं नाही. बाबाला विचारूनच लिहिते आहे.

मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्ये आवाज दाबण्यासाठी आत जाळी आणि पडदे असतात. इकडची पोरं ते काढून टाकतात किंवा सगळा सायलेन्सरच बदलून दुसरा बसवतात. याला फटाका सायलेन्सर म्हणतात. नुसती गाडी चालवली तरी खिडकीच्या काचा थरथरतात, आणि चालता चालता किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की बार उडतो. हे बेकायदा आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे.

आमच्या समोरच्या घरात अशी एक गाडी होती. घरात दोघंच माणसं, आई आणि मुलगा. आई म्हसवडकडची, शिवणकाम करते. मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो. तो दहावीला असताना मी त्याला इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे दोघंही मला 'बाई' म्हणतात. रोज सकाळी साडेसहाला तो दारात गाडी चालू करायचा आणि गरम होईपर्यंत पाच मिनिटं तशीच गुरगुरत ठेवायचा.

साडेसहा हीच तुमच्या आजोबांचीही वेळ. त्यांना काचबिंदू आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण त्याचा अर्थ तुम्हाला कुणी समजावून सांगितला नसेल. कागदाची सुरळी डोळ्याला लावून बघा. समोरचं वाटोळं दिसतं आणि बाजूचं काहीच नाही. तेवढंच त्यांना दिसतं. रस्ता ओलांडताना मात्र बाजूचंच दिसावं लागतं. तेव्हा ते काम त्यांनी कानांवर सोपवलं. जन्मभर ते इथल्या सूतगिरणीत जॉबर, म्हणजे यंत्रांवर देखरेख करणारे मुकादम, होते. शंभर यंत्रांच्या गोंगाटात कुठल्या यंत्राचं बेअरिंग खराब व्हायला लागलंय हे ते दारातून सांगायचे. गिरणी केव्हाच बंद झाली, पण कान तसेच राहिले. फाटकाशी उभं राहायचं, मान जराशी खाली घालायची, डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही, मग काठी पुढे टाकायची. पलीकडे गिरणीच्या पडक्या भिंतीला लागून चहाची टपरी आहे. तिथे त्यांचे तीन जुने सोबती बसतात. दिवसभरात आजोबा स्वतःच्या पायांनी एकटे जातात ती ही एकच जागा.

समोरची गाडी सुरू असली की त्यांना बाकी काही ऐकू येत नसे. ते थांबायचे. पाच मिनिटं, कधी दहा.

मी पोलिसांकडे अर्ज केला. आधी इंग्रजीत, सुरेख परिच्छेद पाडून, मग कुणी तरी सुचवलं म्हणून मराठीत. पोलीस आले, सभ्यपणे बोलले, मुलाने जुना सायलेन्सर लावून दाखवला. चौथ्या दिवशी पुन्हा बार. एकदा चौकात असे पकडलेले सायलेन्सर रांगेत मांडून त्यांच्यावरून रोड रोलर फिरवला. मी मुद्दाम बघायला गेले. आमच्या समोरचा त्यात नव्हता.

मग माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती मला तेव्हा फार हुशारीची वाटली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना काही तरी वस्तू वाटायची पद्धत आहे, तिला वाण म्हणतात. त्या वर्षी मी कापसाचे बोळे भरलेल्या डब्या वाटल्या. प्रत्येकीच्या हातात देताना म्हटलं, "सकाळी साडेसहाला कानात घालायला." बायका पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "बाई, दोन द्या, आमच्या ह्यांच्या घोरण्यालापण होतील." समोरची मात्र डबी पिशवीत टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती डबी परत द्यायला आली. आत बसली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"आवं बाई, कान बंद करून घिऊन मी काय करू? माझं समदं कानावरच चाललंय."

"म्हणजे?"

"ह्याचे वडील ट्रकवर हुते. दुपारचं जेवाण वाढून बसले हुते मी, आन् फोन शेजारच्यांच्या घरी आला. तवापास्नं मला वाट बघाय जमत न्हाई. पोरगं पुलावर आलं की गाडी ऐकू येती. मी तवा ठिवते. गाडी दारात, भाकरी ताटात. त्यो आवाज गेला तर मला कसं कळायचं पोरगं येतंय का न्हाई ते?"

हे अर्जात कुठे लिहिता येण्यासारखं नव्हतं. ती गेली आणि मी सगळं तसंच चालू दिलं.

आता माझ्या गाडीविषयी. निवृत्त झाल्यावर मी बॅटरीवरची स्कूटर घेतली. तिला आवाज अजिबात नाही. कुणी विचारलं, न विचारलं तरी मी सांगत असे, "बघा, आलेली कळतसुद्धा नाही." फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी मेथीच्या दोन जुड्या आणि दूध घेऊन घरी येत होते. लांबूनच दिसलं, आजोबा फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे आहेत, समोर त्या मुलाची गाडी धडधडते आहे. मी हॉर्न वाजवला. मला वाटलं, ऐकतील आणि थांबतील. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली होती. चहा निवला असेल, असं वाटून त्यांनी काठी पुढे टाकली.

मी ब्रेक दाबला. स्कूटर आडवी झाली, मी तिच्याखाली, आणि तिचा आरसा लागून आजोबा गुडघ्यावर पडले. दूध रस्ताभर. त्या मुलाने गाडी तशीच टाकली आणि धावत आला. आधी त्याने आजोबांना बगलेत धरून उठवलं.

"आबा, लागलं का वं?"

"कोण होता रे? नंबर घेतलास का?" आजोबा म्हणाले.

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी स्कूटरखालूनच म्हटलं, "मी होते."

आजोबांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "पन्नास वर्षं झाली लग्नाला. आत्ता का?"

मुलगा हसला आणि लगेच त्याने ओठ दाबले. माझ्या कोपराला चार टाके पडले. आजोबांच्या गुडघ्याची वाटी थोडी तडकली होती. तीन आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघाल्यावर तुमच्या बाबाचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आजोबांनी एकट्याने रस्त्यावर जायचं नाही, सोबतीला माणूस ठेवा, पैसे मी पाठवतो. तो चुकीचं बोलत नव्हता. आजोबांनी हो म्हटलं आणि व्हरांड्यात बसायला लागले. टपरीवरचे सोबती दोनदा थर्मासमधून चहा घेऊन आले. आजोबांनी तो घेतला, पण तिसऱ्या वेळी त्यांना म्हणाले, "येऊ नका. मला आजारी असल्यासारखं वाटतं." त्यानंतर ते सकाळी साडेसहाला उठेनात. आठ वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तेव्हा मला भीती वाटली. डोळे जाताना वाटली नव्हती एवढी.

मी समोर गेले. या खेपेला अर्ज नाही, वाण नाही. शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसले आणि सांगितलं की आजोबांना पाडलं मी, माझी गाडी ऐकू न आल्यामुळे ते पडले, आणि आता ते उठत नाहीत.

तिने मशीन थांबवलं. "म्हंजी तुमची गाडी मुकी, आमची बोंबलती, आन् मधी सापडलं आबा."

"तसंच."

"मग दोघींनीबी सुधाराय पायजे. एकटीनं भागायचं न्हाई."

मुलगा आत भाकरी खात होता. तो तिथूनच म्हणाला, "आये, कंपनी सायलेन्सर लावला तर पोरं म्हणतील, आज्जीची गाडी आणली."

"आज्जीनं तर नवऱ्याला पाडलं, तुझ्या गाडीनं काय केलंय अजून?" आई म्हणाली. मला हे ऐकून घ्यावं लागलं.

ठरलं ते असं. कारखान्यातून निघताना मुलाने आईला एक मिस्ड कॉल द्यायचा आणि पुलावर आला की दुसरा. दुसऱ्या मिस्ड कॉलला तवा. जुना सायलेन्सर माळ्यावर होताच, तो परत बसवायचा. आणि माझ्या स्कूटरला सायकलची घंटी. गॅरेजवाला हसायला लागला म्हणून ती त्या मुलानेच आणली आणि हँडलला पट्टी मारून बसवली. "बाई, गल्लीत शिरल्यापासून वाजवत यायचं," त्याने मला बजावलं. एकेकाळी मी त्याला शुद्धलेखन बजावत असे.

पहिल्या चार दिवसांत त्याची आई दोनदा तवा न तापवताच वाट बघत बसली, कारण तो मिस्ड कॉल द्यायला विसरला. तिने त्याला दाराशीच झापलेलं मी ऐकलं. पण सायलेन्सर परत बदलला नाही.

पाचव्या दिवशी मी आजोबांना सगळं सांगितलं. सहाव्या दिवशी सव्वासहाला मला मोरीत पाण्याचा आवाज आला. टोपी घालून, काठी घेऊन ते फाटकाशी गेले. मी मागोमाग गेले आणि चपला न घालता, श्वाससुद्धा जपून घेत उभी राहिले. समोर गाडी चालू होती, पण आता ती साध्या गाडीसारखी फटफटत होती.

आजोबांनी मान खाली घातली. मग न वळताच म्हणाले, "तू आत जा. तुझ्या उभं राहण्याचा आवाज येतोय."

मी आत गेले. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहिले आणि काहीच केलं नाही. या घरात मी इतकी वर्षं आहे, पण पलीकडच्या भिंतीच्या दगडाला त्यांची काठी लागते तेव्हा टक असा आवाज होतो आणि तो ओट्यापर्यंत येतो, हे मला त्या सकाळी कळलं.

मोठ्या रस्त्यावर अजून बार होतात. तुम्ही ऐकले ते तिथलेच. तेवढ्यापुरते आजोबा फाटकाशी थांबतात.