‘धोका नाही’ न लिहिणाऱ्या रूथताई

कशाचाही वास घ्यायचा तर रूथताई नाक पुढे नेत नसत. वस्तू हातभर लांब धरायची आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने तिच्यावरची हवा हलकेच आपल्याकडे ओढायची. रसायनाच्या प्रयोगशाळेत नवख्या मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवतात आणि मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात. रूथताईंच्या मात्र ते हाडीमाशी खिळलं होतं. नासल्याचा संशय असलेलं दूध, फळवाल्याच्या हातातला आंबा, एवढंच काय, शेजारच्या बाळाचं डोकंसुद्धा त्या असंच हुंगायच्या. ‘‘वासाकडे आपण जायचं नसतं, मेधा,’’ त्या म्हणायच्या. ‘‘त्याला आपल्याकडे बोलवायचं. येईल तेवढाच घ्यायचा.’’

आमची ओळखही अशी हवेतूनच झाली. नोएडातल्या त्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता. सगळीकडे हिंदी. जेवायच्या सुट्टीत मी कोपऱ्यात डबा उघडला, तर पलीकडच्या टेबलावरून कॉटनच्या साडीतल्या, आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई माझ्या डब्याच्या दिशेने हात हलवत होत्या. मला वाटलं, माशी हाकलताहेत. त्या म्हणाल्या, ‘‘कारळ्याची चटणी. म्हणजे सांगली-कोल्हापूरकडची दिसतेस.’’ मी सांगलीचीच. परक्या गावात कुणी तुमच्या चटणीला नावाने हाक मारली की काय होतं, ते घर सोडलेल्यालाच कळेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रूथताईंनी ते पाहिलं आणि चटणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘फारच तिखट आहे वाटतं.’’

त्या मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. नवरा मनोहरराव गायकवाड केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या इथल्याच झाल्या. मयूर विहारला फ्लॅट. एकुलती मुलगी शेरन दिल्लीत वाढलेली; तिला कारळं ठाऊक नव्हतं आणि गवती चहाला ती लेमनग्रास म्हणायची. त्या गवती चहाचं एक ठोंब रूथताईंनी नगरहून आणून बाल्कनीतल्या कुंडीत लावलं होतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात ते जगवणं म्हणजे खायचं काम नाही. त्याला त्या ओलं फडकं बांधायच्या.

आमचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. कारखान्यातलं एखादं रसायन माणसाचं काय वाकडं करू शकतं, ते आम्ही ठरवायचं. कातडी जाळतं, की डोळे घेतं, की पोटात गेलं तर जीवच घेतं? प्रत्येक धोक्याचे वर्ग ठरलेले आणि वर्गाप्रमाणे डब्यावर चिन्ह: टोकावर उभी केलेली लाल कडेची चौकट, आत काळं चित्र. त्यातला एक नियम रूथताईंचा फार लाडका होता. विषाची कवटी आली की किरकोळ विषारीपणाचं उद्गारचिन्ह काढून टाकायचं. मोठी भीती सांगितल्यावर धाकटी सांगत बसायचं नाही, नाहीतर वाचणारा दोन्ही विसरतो. हा नियम त्या डब्यापुरता ठेवत नसत. पगारवाढ रखडलेली असताना कुणी एसी नीट चालत नाही म्हणून कुरकुरू लागलं, की त्या चष्म्यावरून बघून म्हणायच्या, ‘‘कवटी आलीय ना? मग उद्गारचिन्ह काढ.’’

आणि ‘धोका नाही’ हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात कुठल्या कागदावर लिहिले नाहीत, आम्हाला लिहू दिले नाहीत. ‘उपलब्ध माहितीनुसार कुठल्याही वर्गात बसत नाही’, बस, एवढंच. मी एकदा चिडवलं, ‘‘ताई, साध्या मिठालासुद्धा?’’

‘‘मिठालासुद्धा. खाणारा किती खाणार, हे तू मला सांगितलंयस का? आधी डेटा दाखव, मग शब्द मागायला ये.’’

त्यांच्या या हट्टापायी गिऱ्हाईकं वैतागायची. करोल बागेत मोटारींच्या सामानाचं दुकान असलेले भाटिया नावाचे एक गृहस्थ काजूकतली घेऊन आले होते. गाड्यांची चाकं उजळणारं द्रावण ते बाटल्यांत भरून विकायचे. त्यात अमोनियम बायफ्लुओराइड होतं. दिसायला पांढरंशुभ्र, मिठासारखं. भाटियाजींची मागणी माफक होती. ‘‘मॅडमजी, बस इतना लिख दो, बिल्कुल सेफ. नमक जैसा तो दिखता है.’’

‘‘नमक जैसा दिखता है, यही तो मुश्किल है,’’ रूथताई म्हणाल्या. ‘‘देखिए, हाथ पे गिरा, पहले कुछ नहीं होता. आदमी पोंछ के घर चला जाता है. दर्द बाद में आता है, और तब तक वो अंदर पहुँच चुका होता है, हड्डी तक.’’ मग त्यांनी सहज विचारलं, ‘‘आपके यहाँ गाड़ियाँ कौन धोता है?’’

‘‘मेरा भतीजा.’’

‘‘तो मैं उसके लिए लिख रही हूँ.’’

जाताना मात्र भाटियाजींनी हातमोजे कसले घ्यायचे आणि भाजलं तर लावायचं कॅल्शियमचं मलम कुठे मिळतं, ते नीट विचारून घेतलं. बाटलीवर कवटी आली, शेजारी हात जाळणाऱ्या थेंबाचं चिन्ह आलं. काजूकतली आम्ही खाल्ली. रूथताईंनी आधी ती दुरून हुंगली, हे सांगायला नकोच.

त्या संध्याकाळी मेट्रोत त्या एकदम म्हणाल्या, ‘‘जे लगेच दुखतं, त्याची मला एवढी काळजी नसते गं. माणूस हात मागे घेतो. उशिरा दुखणारं वाईट. ह्यांचं तसंच झालंय.’’

मनोहररावांचं विसरणं सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, पण त्यावर आम्ही सगळेच हसत आलो होतो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं, तीच गोष्ट पुन्हा सांगणं. पूर्वी रविवारी चर्चमधून हे जोडपं कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात मराठी जेवण मिळतं म्हणून जेवायला जायचं; एका रविवारी मनोहरराव तिथून परतीची वाटच विसरले, तेव्हाही ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं. दुखायला लागलं, तेव्हा आजार खोलवर पोचला होता. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. शेरन बंगळुरूहून रोज फोन करू लागली. ‘‘मम्मी, गुडगाँवला चांगली जागा आहे यार, ट्रेंड नर्सेस असतात. पप्पा तिथे सेफ राहतील.’’ मुलगी वाईट नव्हती, घाबरली होती. रूथताईंनी तिला एक शब्द दिला आणि तो मलाही सांगितला, ‘‘घराची त्यांना भीती वाटायला लागली, की मी त्यांना तिथे ठेवीन. तोवर ते घरी राहतील.’’

मग एके दिवशी मनोहरराव फरशी पुसायचं निळं औषध सरबत समजून पेल्यात ओतताना सापडले. पेला तोंडाला लागायच्या आत रूथताईंनी हात धरला. आणि त्यानंतर जे झालं ते फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाच्या हातूनच होऊ शकतं. त्यांनी सुट्टी घेतली आणि एखादा कारखाना तपासावा तसं अख्खं घर तपासलं. फिनाइल, ॲसिडची बाटली, औषधांचा डबा, शेगडी, इस्त्री, न्हाणीघरातलं कपाट; प्रत्येकाचा वर्ग ठरवला आणि प्रत्येकावर लाल कडेचं चिन्ह डकवलं. शब्द वाचता आले नाहीत तरी चित्र कळेल, हा हिशेब. मी गेले तेव्हा मोठ्या अभिमानाने त्यांनी मला घर फिरवून दाखवलं. खरं सांगायचं तर मलाही ते थोरच वाटलं.

मनोहरराव बाहेरच्या खोलीत खुर्चीवर अंग चोरून बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, ‘‘अहो बाई, या घरात कुणी वारलंय का? जिकडे तिकडे कवट्या लावल्यात.’’ ते न्हाणीघरात जायला तयार नव्हते. स्वयंपाकघरातलं पाणी पीत नव्हते. चिन्हांनी त्यांचं चोख काम केलं होतं; घराची भीती वाटायला लागली होती.

रूथताई कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘चिन्ह वाचणाऱ्याला आधी शिकवावं लागतं. हे पहिल्या पानावर असतं गं. मी सगळ्यांना सांगत आले, आणि माझ्याच घरात विसरले.’’ मग आम्ही दोघींनी बसून नखांनी ती सगळी चिन्हं खरवडून काढली. फिनाइल-ॲसिड घराबाहेर गेलं, बाकीचं एका कपाटात कुलूपबंद झालं, शेगडीचा गॅस खालूनच बंद राहू लागला, फरशी साध्या पाण्याने पुसली जाऊ लागली. लवकरच रूथताईंनी नोकरीही सोडली. ‘‘धोका काढता येत असेल तर चिन्ह कशाला लावायचं?’’ त्या म्हणाल्या. मनोहरराव पुन्हा घरात हिंडू-फिरू लागले आणि शेरनच्या फोनवर आणखी काही महिने ‘अजून नाही’ असं उत्तर देता आलं.

मग ती हिवाळ्यातली रविवारची सकाळ. मी सहज गेले होते. रूथताई केस धुऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या आणि मनोहरराव खुर्चीतून ताडकन उठले. भिंतीला पाठ लावून ओरडले, ‘‘ही कोण बाई? हिला आत कुणी घेतलं? रूथ! रूथ!’’ ते रूथताईंनाच हाक मारत होते, त्यांच्यापासूनच वाचवायला. मी पुढे होऊन काही सांगू लागले तर भिंतीला आणखीच चिकटले. टेबलावर फोन वाजत होता. शेरनचा असणार, रविवारी ती याच वेळेला करायची. रूथताईंनी फोनकडे पाहिलं. दिलेला शब्द त्यांना आठवत होता, मलाही आठवत होता. घरातलं सगळं कुलपात ठेवता आलं होतं. स्वतःला कुठे ठेवणार?

त्यांनी फोन घेतला नाही. आत गेल्या. गवती चहाचा वास आला, मग त्या कप घेऊन आल्या आणि मनोहररावांपासून लांब, दारापाशीच फरशीवर बसल्या. कप पुढे धरला आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने त्यावरची वाफ हलकेच ढकलू लागल्या. जन्मभर जो हात हवा आपल्याकडे ओढत आला, तो आज ती पलीकडे पाठवत होता. बराच वेळ त्या तशाच बसून होत्या. मनोहररावांचं नाक हललं. पाठ भिंतीपासून सुटली.

‘‘घाबरू नका,’’ रूथताई म्हणाल्या. ‘‘धोका नाही.’’

‘‘नक्की?’’ त्यांनी लहान मुलासारखं विचारलं.

‘‘नक्की.’’

ते आले, समोर फरशीवर बसले, दोन्ही हातांनी कप घेऊन चहा प्यायले. ओळखलं का, देव जाणे. पण कप परत देताना म्हणाले, ‘‘आमची रूथ अस्साच करते.’’ मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मग रूथताईंनी पोरीला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, ‘‘पप्पा घरीच राहतील.’’

तसं बरेचदा झालं असेल. प्रत्येक वेळी त्या दारापाशी बसायच्या, प्रत्येक वेळी चहा. पुढच्या थंडीत मनोहरराव गेले, ते आपल्या घरात, आपल्या खुर्चीत. रूथताई आता नगरला बहिणीकडे असतात. फ्लॅट रिकामा करताना त्यांनी ती कुंडी माझ्या हवाली केली आणि ओलं फडकं कसं बांधायचं ते दाखवलं. त्या दिवसापासून मनात राहिलेलं मी तेव्हा विचारलं, ‘‘ताई, मिठालासुद्धा तुम्ही कधी ‘धोका नाही’ लिहू दिलं नाहीत. आणि त्या दिवशी ‘नक्की’ म्हणालात?’’

रूथताईंनी गवती चहाची एक पात तोडली, चुरडली आणि हातभर लांब धरून तिचा वास आपल्याकडे बोलावला.

‘‘अगं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सगळ्या संसाराचा डेटा होता माझ्याकडे.’’