दिगंबरचे कान

वारज्यात दिगंबरच्या शेडचा पत्ता कुणी विचारत नसे. रविवारी सकाळी मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आवाजच माणसाला ओढून न्यायचा. रिमोटवर पळणारी गाडी एवढीशी, काखेत मारून नेता येईल अशी. पण तिच्या पोटातलं नायट्रो इंजिन पेटलं की गल्लीतली कुत्री घराच्या पायऱ्यांखाली घुसायची.

दिगंबर आधी दुचाकीच्या गॅरेजात फिटर होता. हिंजवडीच्या कंपनीत काम करणाऱ्या केयूरने एकदा आपली बंद पडलेली रिमोटवरची गाडी त्याच्यापुढे ठेवली. दिगंबरने ती खेळणं म्हणून हातात घेतली आणि तिच्यातच गुंतला. पुढे त्याने गॅरेज सोडलं, घरामागच्या मोकळ्या जागेत मातीचा ट्रॅक केला आणि शेड उभारली. मुंबई-नाशिकहून शर्यतवाले इंजिनं घेऊन त्याच्याकडे येऊ लागले.

या इंजिनाची सगळी मेख एका स्क्रूत असते. त्याला नीडल म्हणतात. ती सैल केली की इंधन जास्त जातं, इंजिन घोगरं होतं, धूर ओकतं. आवळली की आवाज वर चढतो आणि गाडी सुसाट सुटते. पण वंगणाचं तेल इंधनातच मिसळलेलं असतं. नीडल गरजेपेक्षा जास्त आवळली तर इंजिन कोरडं पडतं, तापतं, आणि पिस्टन आतल्या आत धरतो, म्हणजे अडकून बसतो. मग ते इंजिन भंगार. ही मधली जागा दिगंबर कानाने पकडायचा. गाडी ट्रॅकच्या पार टोकाला असली तरी मान तिरकी करून म्हणायचा, "आणा हिकडं. अजून खोकतंय ते." नीडल केसभर फिरवायचा, आणि इंजिन असं गायला लागायचं, की मालकाच्या चेहऱ्यावर हसू मावत नसे.

"कानात बोळं तरी घाला," त्याची बायको द्वारका म्हणायची.

"बोळं घातल्यावर ऐकू कशानं?"

गेल्या हिवाळ्यात केयूरचं इंजिन शर्यतीच्या मध्यावर धरलं. दिगंबरने आदल्या दिवशीच ते लावून दिलं होतं. उघडून पाहिलं तर पिस्टन ओरखडलेला, निळा पडलेला. "इंधनात तेल कमी असणार, दादा," केयूर म्हणाला. महिन्याभरात आणखी एकाचं तसंच झालं, मग आणखी एकाचं.

इंधन बद्रीनाथकडून यायचं. शनिवार पेठेतला हा दुकानदार दिगंबरचा जुना सोबती; जिभेचा तिखट, पण व्यवहाराला सोन्यासारखा. शर्यतवाले त्याच्या दुकानात जाऊन भांडले. बद्रीनाथ म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. तुमच्या वाटचं तेल मी घरी भजी तळायला नेतो." त्या बोलण्याने लोक आणखीच चिडले. शर्यतवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर ठरलं, याच्याकडून थेंबही घ्यायचा नाही. दिगंबरने ते सगळं वाचलं आणि फोन उपडा ठेवून दिला.

त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. घरात कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या आणि त्याला पत्ता नसायचा. लेक संस्कृती फोनवर बोलायची, त्यातले अर्धे शब्द चिखलात बुडाल्यासारखे यायचे. एका दुपारी शेडमध्ये कुणी नसताना त्याने स्वतःचं इंजिन स्टँडवर चढवलं. ते त्याला घोगरं वाटलं. नीडल आवळली. तरी घोगरंच. अजून आवळली. तेवढ्यात द्वारका कानांवर हात दाबून घरातून धावत आली.

"बंद करा ते! कधीचं किंचाळतंय!"

दिगंबर तिच्याकडे बघतच राहिला. त्याला किंचाळणं ऐकूच येत नव्हतं. त्याने इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब टेकायच्या आत उडून गेला. त्याने इंजिन बंद केलं आणि तिथेच मातीत बसला. ज्यांचे पिस्टन जळाले, त्या सगळ्यांच्या नीडल त्याने अशाच आवळल्या होत्या.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून कागदावरची रेघ दाखवली. ती सरळ चालत येऊन एकदम दरीत कोसळावी तशी खाली गेली होती. "वरच्या पट्टीचे आवाज गेलेत. ते परत येत नाहीत. यंत्र लावू, बोलणं समजेल," त्या म्हणाल्या.

यंत्राने द्वारकाचं बोलणं समजायला लागलं. पण इंजिन सुरू केलं की कानात पत्रा फाडल्यासारखं व्हायचं, आणि मग यंत्र आपणहून आवाज दाबून टाकायचं. दिगंबरने धूर बघून पाहिलं, ताप मोजून पाहिला, बोटाने थरथर चाचपून पाहिली. अंदाज यायचा, पण नेमकी जागा सापडायची नाही. मध्येच तो सगळं टाकून भिंतीवर कपाळ टेकायचा.

आणि बद्रीनाथचं नाव खराब होतच होतं.

पुढच्या रविवारी सगळे ट्रॅकवर जमल्यावर दिगंबर म्हणाला, "तेलात काय नव्हतं. इंजिनं मी जाळली. मला ऐकू येत नाय."

केयूर म्हणाला, "दादा, मग आधी का नाही सांगितलंत? आम्ही त्या माणसाला काय काय बोललो..."

"सांगितल्यावर माझ्याकडं कोण आलं असतं?"

केयूरने आपली गाडी पेटीत भरली, आणि जाताना दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने दिगंबरला जास्तच लागलं.

तिथून तो तडक शनिवार पेठेत गेला. बद्रीनाथ काउंटर पुसत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, फडकं घडी करून ठेवलं.

"ऐकू येत नाही म्हणताय," तो म्हणाला. "मग मी कशाला बोलू?" आणि आतल्या खोलीत निघून गेला. दिगंबर बराच वेळ थांबला. बद्रीनाथ बाहेर आला नाही.

घरी आल्यावर दिगंबरने शेवटची काडी धरली. द्वारकाला म्हणाला, "तुला कळतं. त्या दिवशी तूच वळखलंस. तू नुसती हुबी रहा, इंजिनाचा आवाज वर चढला की हात कर. एवढंच."

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "अवो, त्यानंच तुमचं कान खाल्लं. आता माझं बी त्याच्यापुढं धरू?"

"माझ्याकडं दुसरं काय हाय, द्वारका?"

"मी हाय, पोरगी हाय. ते आमाला पुरतं. तुमास्नी पुरंना, त्याला मी काय करू?" तिने नकारच दिला आणि पुन्हा भाकरी थापू लागली. दिगंबरने पुन्हा विचारलं नाही.

शर्यतवाले पांगले. केयूरने बॅटरीवरची गाडी घेतली. ती आवाजच करत नाही. ट्रॅकवर गवत माजलं. दिगंबर आता एका सोसायटीत पंपाचं काम बघतो. कधीतरी रविवारी नवशिका कुणी जुनं नाव ऐकून इंजिन घेऊन येतो. दिगंबर ते हातात घेण्याआधीच सांगतो, "वरचं ऐकू येत नाय मला. नीडल सैल ठेवीन. गाडी सावकाश पळंल, पण इंजिन जळायचं नाय. चालत आसंल तर ठेवा."

बहुतेक जण दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलतात आणि इंजिन घेऊन परत जातात.