तळावर जाणाऱ्यांच्या भागीरथीबाई

पडदा वर जातो तेव्हा बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या एका जुन्या घराची बैठक दिसते. डावीकडे खिडकी, बाहेर रिक्षांची वर्दळ. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, तिथून कॉफीचा वास. मधोमध काचेचं टीपॉय आणि त्यावर एक पितळी परात, परातीत चार वाट्या, एक लांब दांड्याचा डाव आणि चकलीचा सोऱ्या. सकाळचे दहा वाजलेत. सुती साडीच्या पदराला चष्मा पुसत पंच्याहत्तर वर्षांच्या भागीरथीबाई येतात आणि परातीसमोर बसतात.

ही परात म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचा एक हवाई तळ. डाव ही धावपट्टी. वाट्या म्हणजे मुख्य फाटक, दवाखाना, कँटीन आणि घरांची रांग. उभा सोऱ्या हा टॉवर. परातीबाहेरची काच हा समुद्र.

त्यांचे यजमान श्रीधरराव हवाई दलात विमानांच्या इंजिनांचं काम करायचे. दोन खेपा मिळून अकरा वर्षं ते जोडपं त्या तळावर राहिलं. नवं बिऱ्हाड आलं की भागीरथीबाई कॉफीचा थर्मास घेऊन त्यांच्या दारात हजर. निवृत्तीनंतर ती दोघं बेंगळुरूला आपल्या माणसांत परतली, तरी हे काम काही सुटलं नाही. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी म्हणालं, माझ्या लेकीच्या नवऱ्याची तिथंच बदली झालीय हो, आणि तेव्हापासून तिकडे जाणारी प्रत्येक बाई आधी या बैठकीत येऊन जायची. श्रीधरराव सहा वर्षांपूर्वी गेले, तरीही बायका येत राहिल्या. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं.

सांगण्याचा क्रम ठरलेला. आधी मीठ: बरणीत तांदूळ घाला, नाहीतर पाणी होतं. मग गंज: शिवणयंत्राला दर रविवारी तेल, लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर लांब. मग सायरन: सोमवारी वाजतो तो तपासणीचा, त्याला घाबरून दूध उतू घालवायचं नाही. मग फोन: नवरा कधी उडणार, कधी येणार, हे आईलासुद्धा सांगायचं नाही. आणि सगळ्यांत शेवटी खरकटं. भाताचं शीतही उघड्यावर टाकायचं नाही. शितामागे कावळा येतो, कावळ्यामागे घार, आणि घार विमानाच्या वाटेत.

इथं त्या एक गोष्ट सांगत. "एक बाई होती. नवी नवरी. पक्षपंधरवड्यात सासऱ्यांच्या तिथीला तिनं गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं. तासाभरात आभाळ घारींनी भरलं, आणि नेमकं तेव्हाच एक विमान उतरत होतं."

ती बाई म्हणजे त्या स्वतः. पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी ही गोष्ट 'एक बाई' म्हणूनच सांगितली. खरं काय ते श्रीधररावांना तेवढं माहीत होतं.

त्या सकाळी समोर बसली होती स्वानंदी. पुण्याची, वय सत्तावीस, सर्जापूर रोडला फ्लॅट आणि संगणकावरची नोकरी. लग्नाला आठ महिने झालेले. नवरा मल्हार त्याच तळावर वैमानिक. त्याला नुकतंच तिथं घर मिळालं होतं आणि शनिवारी ती निघणार होती.

भागीरथीबाईंची गोष्ट संपली. स्वानंदीनं वहीचं पान उलटलं, पण लिहिलं काहीच नाही.

"आजी, रागावू नका हं. पुढच्या आठवड्यात माझ्या बाबांची तिथी आहे. मला भाऊ नाही. गेल्या वर्षी सर्जापूरला मीच पान ठेवलं. तिथं गच्चीवर नाही ठेवणार, मागच्या अंगणात ठेवीन. एवढासा भात. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"कावळ्याला दिसेल ना?"

"एकच तर येणार! गेल्या वर्षी तो एक यायला अर्धा तास लागला. बाबा तसेच होते, कुठंच वेळेवर नाहीत."

दारातून सून रूपश्री हसली. सासूला ती कानडी वळणानं अत्ते म्हणायची. "अत्ते, आज तुमचा टॉवर लवकर आवरा. संध्याकाळी चकल्या करायच्या आहेत."

"स्वल्प थांब गं." भागीरथीबाई स्वानंदीकडे वळल्या. "त्या बाईलाही एकच येईल असं वाटलं होतं."

"पण ती खरी नाहीये ना, आजी? मल्हार म्हणाला, प्रत्येक तळावर अशी एक बाई असते. नव्या लोकांना घाबरवायला जुन्यांनी रचलेली. प्लीज, मी काळजी घेईन."

मुलगी हट्टी नव्हती. तिनं आपलं मनाशी ठरवलं होतं, एवढंच. असं ठरवून उठलेल्या बाईला पुन्हा बसवता येत नाही, हे भागीरथीबाई अनुभवानं जाणून होत्या. ती घरी जाणार, आठवड्यानं अंगणात भात ठेवणार, आणि त्या वेळी आभाळात कोण असेल याचा नेम नव्हता. मल्हारसुद्धा असू शकत होता.

त्यांनी सोऱ्या उचलून मांडीवर घेतला.

"वडे, खीर, भात, आमसुलाची चटणी," त्या म्हणाल्या. "आळूची भाजी नव्हती, तिथं आळू मिळेना. पान मीच वाढलं. मी एकवीस वर्षांची होते."

रूपश्री कॉफीचा ट्रे घेऊन येत होती, ती वाटेतच थांबली.

"ती बाई म्हणजे तुम्ही?" स्वानंदीनं विचारलं.

"मी. विमान उतरलं. चालवणारा तुझ्या मल्हारच्याच वयाचा असेल. घार आदळून समोरची काच फुटली, त्याचा एक डोळा गेला. पुन्हा विमानात बसला नाही तो. आमचे हे संध्याकाळी घरी आले, हात धुतले आणि म्हणाले, आज पान कुठं ठेवलंस? मी वर बोट दाखवलं. ते वर गेले, पान उचलून आणलं, चुलीत घातलं. त्यावर पुन्हा कधी एक अक्षर बोलले नाहीत."

"चौकशी नाही झाली?" रूपश्रीनं विचारलं. वीस वर्षं या घरात राहून ती हे पहिल्यांदा ऐकत होती.

"झाली ना. भिंतीपलीकडे कोळणी मासळी वाळत घालायच्या. घारी त्या मासळीला आल्या, असं ठरलं. महिन्याभरात त्यांची ओटी, म्हणजे मासळी वाळवायची जागा, उठवली, खाडीपलीकडे दिली. रोज डोक्यावर टोपल्या घेऊन दोन मैल जास्त चालायच्या त्या. मी खिडकीतून बघायचे."

"मग तुम्ही सांगितलं का नाही, आजी?"

"यांची नोकरी गेली असती. आधी हे कारण होतं. मग दुसरी खेप आली, बढती आली, मग निवृत्ती. नंतर कारणच उरलं नाही, तरी नाही सांगितलं."

कॉफीवर साय धरली. स्वानंदीनं वही मिटून पिशवीत टाकली.

"मी अंगणात नाही ठेवणार," ती म्हणाली. आवाज लहान झाला होता. "पण मग बाबांचं पान कुठं ठेवू? तिथं मला कोण ओळखतंय?"

भागीरथीबाईंनी परातीतली एक वाटी उचलली आणि टीपॉयच्या पार दुसऱ्या टोकाला, काचेवर नेऊन ठेवली.

"पान घट्ट झाकणाच्या डब्यात घाल. फाटकाबाहेरून बस मिळते, खाडीचा पूल ओलांडला की उतर. पुढं कोळणींची ओटी आहे. तळावर होते तोवर मी दर वर्षी तिथंच ठेवायचे, आणि त्यांनी मला कधी हटकलं नाही. सरी?"

"सरी," स्वानंदी म्हणाली. हा कानडी होकार तिनं याच शहरात उचलला होता. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि दारापर्यंत गेली. रूपश्री तिच्या मागोमाग फाटक उघडायला निघाली.

"स्वानंदी," भागीरथीबाईंनी हाक मारली. मुलगी वळली.

"तिथं त्या वेळची एखादी म्हातारी असली, तर तिला माझं नाव सांग. म्हणावं, घारी तुमच्या मासळीला आल्या नव्हत्या."