वेळ बदलण्याचा अधिकार समितीस राहील

माझ्या एका विनोदाने माणूस मेला.

त्याला आज एक वर्ष झाले.

आपण सारे मला ओळखता. भाजीची यादीसुद्धा मी शासकीय परिपत्रकासारखी लिहितो. आपण हसता, लाइक देता. मला ते आवडते. आवडायचे.

आमच्या घरी एक गावठी श्वान आहे. नामकरणसमयी मी त्यास 'विक्रमादित्य' ही उपाधी प्रदान केली होती. मी नोकरीसाठी बाभुळगावला, तर सौभाग्यवती घाटंजीच्या बँकेत. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा सम्राट यवतमाळच्या घरात एकटे. त्यांना दुपारी फिरवून कोणी आणावे, हा राष्ट्रीय प्रश्न उभा राहिला.

तो हमीदभाईंनी सोडवला.

हमीदभाई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे वृद्ध गृहस्थ. आयुष्यभर पंपाच्या मोटारी दुरुस्त केल्या. हात थरथरू लागले म्हणून दुकान बंद केले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "साहेब, एवढं मोठं नाव घेईपर्यंत कुत्रं पुसदले पोहोचन. मी विक्की म्हनतो."

विक्कीने शेपूट हलवून ठराव संमत केला.

तेव्हा जानेवारी होता. कोवळे ऊन, गार वारा. मला हुक्की आली आणि मी 'श्वानविहरण नियमावली' लिहिली. कलमे सात.

कलम दोन : विहरणाची वेळ दुपारी ठीक दीड.

कलम पाच : मैदानावरील कडुनिंबाखालून सम्राटांचे छायाचित्र त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर सादर करावे.

कलम सात : वेळ बदलण्याचा अधिकार केवळ कार्यकारी समितीस राहील.

खाली माझी सही आणि शिक्का. शिक्का म्हणून औषधाच्या बाटलीचे झाकण शाईत बुडवून उमटवले होते.

सौ. म्हणाली, "अहो, त्यांना हे खरं वाटेल."

मी म्हणालो, "वाटू दे. तेवढीच शिस्त."

एक प्रत फ्रिजवर लावली, एक हमीदभाईंना दिली. त्यांचे शिक्षण उर्दूत झालेले. त्यांच्या मुलीने, नसरीनने, ती वाचून दाखवली. त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

मार्च संपता संपता ते दारात आले.

"साहेब, विक्कीचा टाइम जरा अलीकडं घेता काय? अकराले नेतो. दीड वाजता डांबर भलतंच तापून राह्यलं. पाय भाजते त्याचे."

आपले म्हणून काही मागितले नाही. कुत्र्याचे पाय म्हणाले.

मी चहा पीत होतो. गंभीर मुद्रेने म्हणालो, "हमीदभाई, हा धोरणात्मक विषय आहे. समितीच्या सभेपुढे ठेवावा लागेल."

"मंग मीटिंग कवा हाय?"

"यथावकाश सूचनापत्र निघेल."

मी हसलो. तेही हसले. मला वाटले, दोघे एकाच गोष्टीवर हसलो.

आठवड्याभरात त्यांनी जुन्या सायकलच्या ट्यूबचे चार बूट शिवले. विक्कीसाठी. मी त्या बुटांचा फोटो 'चतुष्पाद-पादत्राण-समारंभ' म्हणून याच भिंतीवर टाकला. आपणापैकी पुष्कळांनी त्यावर डोळ्यांतून पाणी येईतो हसणारे चेहरे लावले.

त्या माणसाने बूट का शिवले, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

मे महिन्यातल्या त्या दुपारी नेहमीप्रमाणे फोटो आला. कडुनिंबाखाली विक्की, पायांत ट्यूबचे बूट, डोक्याभोवती ओला दुपट्टा. दुपट्टा हमीदभाईंचा. उन्हाळाभर ते तो डोक्याला बांधत.

मी उत्तर पाठवले : 'महाराजांस शिरोभूषण शोभते.'

त्या संदेशाखालच्या खुणा अद्याप निळ्या झालेल्या नाहीत.

अडीचच्या सुमारास शेजारच्या मेश्रामकाकूंचा फोन आला. "भाऊ, तुमचा कुत्रा एकटाच आला. पट्टा लोंबून राह्यला. हमीदभाई कुठी आहेत?"

ते मैदानावरच होते. कुंपणाच्या भिंतीला टेकून बसलेले, डोके उघडे. पाण्याची बाटली रिकामी. ते पाणी दुपट्टा भिजवण्यात गेले होते.

मी पोहोचेपर्यंत लोकांनी त्यांना दवाखान्यात हलवले होते. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. सायंकाळी ते गेले.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. नसरीनने पाणी दिले. मग तो घडीचा कागद माझ्यापुढे ठेवला. घामाने शाई पसरली होती.

"मी अब्बाले म्हटलं, तुम्ही अकराले घेऊन जा ना, कोनाले कळते? तर म्हने, फोटो दीडचा पाहिजे, लिहून देलं हाय बेटा. मीटिंग झाल्याबिगर कसं?"

तिने कागदाची घडी पुन्हा घातली.

"रोज विचारत होते. साहेबाची मीटिंग झाली काय म्हनून."

मग तिने मला विचारले. रागाने नाही, खरोखरच माहीत करून घ्यायचे म्हणून.

"झालती काय, साहेब?"

मी मान हलवली. नाही.

विक्कीला आता मेश्रामकाकू रोज अकरा वाजता त्यांच्या अंगणात सोडतात. त्यासाठी सभा लागली नाही. एक फोन पुरला. उपाधीही मी काढून घेतली आहे. तो विक्कीच आहे.

फ्रिजवरचा कागद मात्र वर्षभर तसाच राहिला. हात लावायचे धैर्य झाले नाही.

काल सायंकाळी स्वयंपाकघरात सभा भरली. उपस्थित : मी, सौ., विक्की. विषय एकच. सूचक मी, अनुमोदक सौ. विरोध कोणाचाही नाही.

कलम दोनमधला 'दीड' मी पेनाने खोडला.

हमीदभाई, मीटिंग झाली.

अकराला न्या.