चाचांचा विजेचा ससा

बाजारात पोती उचलून उचलून बाबांची कंबर गेली आणि आई कापूस वेचायला पार धनजपर्यंत जाऊ लागली, त्या वर्षी मी कॉलेजात होते. भावाचे बूट घालून पोलीस भरतीसाठी पळत होते आणि शेवटच्या फेरीत रोज ढेपाळत होते. त्याच वर्षी मला कळलं, की लंडन न पाहता लंडनसाठी हळहळणारा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात एकच आहे, आणि तो कारंज्यात आमच्या शेजारी पंपांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून वाइंडिंग करतो.

या शेजारच्या चाचांनी रद्दीतून इंग्रजी मासिकं आणली होती. एकात लांबोड्या कुत्र्यांचा फोटो निघाला. "तू कालेजात जातं नं? वाच." मी अडखळत वाचलं. शंभरेक वर्षांपूर्वी कुत्र्यांना मागं पळवायला विजेवर पळणारा खोटा ससा निघाला. लंडनसारख्या शहरांच्या मधोमध स्टेडियमं उभी राहिली. कारखान्यातली माणसं संध्याकाळी दिव्यांखाली या लांबोड्या ग्रेहाउंडांच्या शर्यती बघायला लोटली. मग गर्दी आटली, जागा महागल्या, स्टेडियमं पाडून घरं झाली. शेवटी लंडनच्या मैदानांची यादी होती आणि बहुतेक नावांपुढे एकच शब्द, 'बंद'.

चाचांनी हा इतिहास पाठच केला. आसेगावचा एक शेतकरी पंपाची मोटर न्यायला आला, त्यालाही तो ऐकावा लागला. "चाचा, माह्या मोटरीचं काय?" "थांब नं! अजून स्टेडियम पडलं नाही."

त्यांची एकच इच्छा उरली. "सशाच्या मागं एक शर्यत. सुरू ते खतम. बस!" त्यांनी शाळेमागच्या मैदानाभोवती सायकलच्या जुन्या रिमा बसवल्या, त्यांवरून दोर फिरवला, दोराला मोटर जोडली. चाचींनी चिंध्यांचा ससा शिवला. ग्रेहाउंड कुठून येणार? गल्लीतले चार कुत्रे आणले. एक झोपला, दोघं भांडले आणि चहावाल्याचा मोत्या जागचा हललाच नाही. ससा फेरी मारून समोर आला, तसा त्यानं अलगद उचलला. गाव लोळून हसलं. चाचा मात्र खूश. "हा कुत्रा नाही, इंजिनेर हाये!"

पण शर्यत काही खतम झाली नव्हती; दुसऱ्या सकाळी ते मैदानावर ससा मांडीवर घेऊन बसले होते. मी पळून धापा टाकत थांबले, तशी त्यांची मान वर झाली. "तू घडीकडं पाहून पळतं, म्हणून थकतं. सशाकडं पाह्य."

त्या दिवसापासून ससा माझ्यापुढे पळू लागला. "आज जोरात सोडला का, चाचा?" "कालच्याएवढाच हाये, बेटा." फार पुढे मला मोटरचा वेग बदलायच्या त्यांच्या रेग्युलेटरवर खडूच्या बारीक रेघा दिसल्या. रोज एक, आधीच्या रेघेपेक्षा जराशी पुढे. इतक्या प्रेमानं माझ्याशी कुणी खोटं बोललं नव्हतं. एका सकाळी मी शेवटची फेरी संपेपर्यंत सशाची पाठ सोडली नाही. चाचांनी मोटर बंद केली, "सुरू ते खतम!" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आता त्यांना बारीक तार दिसत नाही, वाइंडिंग सुटलं. ससा मात्र सोडतात; त्याच्यामागं नव्या पोरी पळतात. मी पोलिसात लागले. आमच्या घरातली पहिली पदवीधर, पहिली वर्दीवाली. पेढे घेऊन गेले, तर चाचांनी पेढ्याआधी ते जुनं मासिक पुढे केलं. "लिव्ह. इंग्रजीत."

त्या यादीखाली मी लिहिलं: कारंजा लाड, चालू.