गुरुजींच्या वहीतली दिल्ली

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. पाहुण्यांच्या ट्रंकेत, आमसुलं आणि कुरडया यांच्या मधल्या फटीत बसून ते आपोआप नवी दिल्ली स्टेशनवर उतरतात. आपण फक्त हमाल करायचा आणि घरी आणायचे!

सरोजिनी नगरात आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. चावी हातात आली आणि पंधरा दिवसांत मला कळलं की आपल्याला नातेवाईक किती आहेत! लग्नात जे फिरकले नव्हते, तेसुद्धा दिल्ली बघायला हजर.

आमच्या सेक्शनमध्ये आम्ही तिघं मराठी. मी टायपिस्ट, मिरजेचे शेख डिस्पॅचला आणि देवगडकडचे परब असिस्टंट. तिघांच्याही घरी हीच रड. शेवटी आम्ही 'पाहुणे-ड्यूटी' सुरू केली. रविवारी पाळीपाळीने एकाने पाहुणे फिरवायचे, पण ते दुसऱ्याचे. कारण स्वतःच्या पाहुण्यांवर माणूस चिडतो, दुसऱ्याच्या पाहुण्यांशी झक मारत गोड बोलतो. आणि फिरवायचं पायीच. बसमध्ये पाहुणे चढले की पिशव्या खाली राहतात आणि पिशव्या चढल्या की पाहुणे!

*

माझी पहिली ड्यूटी शेखांच्या मामीची. मिरजेहून आलेल्या, ठणठणीत बाई. कॅनॉट प्लेसच्या व्हरांड्यात एक सरदारजी चादरी विकत होते. मामींनी एक निळी चादर पसंत केली, भाव केला, सरदारजी ऐकेनात. "चल गं, पुढे बघू," म्हणत मामी तरातरा निघाल्या.

आता कॅनॉट प्लेस आहे गोल. चालत राहिलं की माणूस निघाला तिथेच परत येतो. हे मी मामींना सांगायला हवं होतं, पण मला मजा वाटली. अर्ध्या-पाऊण तासाने आम्ही त्याच सरदारजींसमोर!

"अगं बाई, हा त्याचा भाऊ दिसतोय," मामी माझ्या कानात म्हणाल्या. पुन्हा घासाघीस. या 'भावाने' भाव थोडा उतरवला. तरी मामी पुढे. तिसऱ्या फेरीला सरदारजी इतके दमले होते की त्यांनी मामींच्याच भावाने चादर देऊन टाकली.

चादर काखोटीला मारून मामी मला म्हणाल्या, "आता त्या पहिल्याकडे चल. त्याला सांगते, बघ रे बाबा, तुझा धाकटा भाऊ किती शहाणा आहे!"

*

आता परब. परबांसारखा गाईड दिल्लीत झाला नाही आणि होऊ नये. कारण परबांना 'माहीत नाही' हे दोन शब्द माहीतच नाहीत.

त्याचं कारण त्यांचे वडील. परब गुरुजी, गावच्या शाळेचे हेडमास्तर. "लहानपणी 'माहीत नाही' म्हटलं की छडी बसायची," परब सांगायचे, "तेव्हापासून मला माहीत नाही असं काही उरलेलंच नाही!" खोटं सापडलं तर मात्र छडी नाही, अंगठे धरून उभं राहायचं. पण ते सापडलं तर ना!

माझे मोठे दीर पुण्याचे, रिटायर्ड ओव्हरसियर. परबांच्या ड्यूटीला गेले आणि कॅनॉट प्लेसमध्ये विचारलं, "खांब किती हो हे?"

परबांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "एक हजार एकशे अकरा."

ओव्हरसियर माणूस, लागले मोजायला. सुरुवात विसरू नये म्हणून कोपऱ्यावरच्या चणेवाल्याची खूण धरली. पण हिवाळ्यातला चणेवाला तो. ऊन सरकेल तसा टोपली उचलून पुढे सरकत होता! दीर मोजत येतात, तर चणेवाला अजून पुढेच. दीड हजारावर गेल्यावर त्यांनी धापा टाकत परबांना गाठलं. "तुमचा आकडा चूक आहे!"

परब शांतपणे म्हणाले, "खांब बरोबर आहेत, चणेवाला चुकलाय."

*

हे सगळं तिथंच राहिलं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण परब दर आठवड्याला गुरुजींना पत्र लिहायचे. पत्रात दिल्लीची माहिती, म्हणजे स्वतःच्याच थापा. खांब एक हजार एकशे अकरा. जंतर मंतरच्या उंच जिन्यावर राजा रोज आभाळ बघायला चढायचा, कारण राणीसाहेबांना पापड वाळत घालायचे असायचे. इंडिया गेट थंडीत दोन बोटं आखडतं आणि मे महिन्यात परत वाढतं.

आणि गुरुजी? रिटायर झाले तरी दर शनिवारी शाळेत जायचे, मुलांना ते पत्र मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मुद्दे एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचे!

"अहो परब, एक दिवस मराल," मी म्हणायचे.

"आमचे अण्णा दिल्लीला येत नाहीत," परब निर्धास्त. "त्यांना इथलं पाणी बाधेल असं मी त्यांना कळवलंय."

*

पण ताराआत्या आल्या. गुरुजींची धाकटी बहीण. त्यांची ड्यूटी शेखांकडे. सकाळीच शेखांनी त्यांना बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात नेलं. लंगरमध्ये पंगत बसली आणि आत्यांना आठवलं, आज संकष्टी! चंद्र दिसेपर्यंत काही खायचं नाही. मग रिकामं कसं बसायचं, म्हणून त्या रोट्या लाटणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या.

शेख बिचारे बाहेर तळ्याकाठी वाट बघत राहिले. तास झाला, दोन तास झाले. आत डोकावले तर आत्या मधोमध. एका सरदारणीच्या हातातलं लाटणं काढून तिला शिकवतायत, "ऐसे नहीं, कडा पातळ करो, कडा!"

"आत्या, चला, दिल्ली बघायची राहिली!"

"दिल्ली काय पळून जातेय? इथे कणीक वाळतेय!"

निघायला चार वाजले. जंतर मंतर त्यांनी रस्त्यावरूनच बघितलं आणि सहज विचारलं, "राणीसाहेब पापड वाळत घालायच्या ते हेच ना?" शेखांची हसून मुरकुंडी वळली. फूटपाथवर बसले अक्षरशः!

आत्या गावी गेल्या. गुरुजींनी विचारलं, दिल्ली कशी आहे? म्हणाल्या, "पोळ्या जाड आहेत. आणि दादा, पापडांचं विचारलं तर तो मिरजेचा माणूस फार हसला रे."

*

आठव्या दिवशी ऑफिसच्या पत्त्यावर अंतर्देशीय पत्र. परबांनी वाचलं आणि माझ्या मशीनवर ठेवलं. अक्षर मोत्यासारखं.

"चि. सदानंद यास आशीर्वाद. वही घेऊन येत आहे. वहीतील सर्व स्थळे एका दिवसात, पायी, क्रमाने दाखवावी. एक जरी गोष्ट खोटी निघाली, तरी असशील तिथे अंगठे धरावे लागतील. कळावे."

चाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, सरकारी असिस्टंट! मला हसू आवरेना. पण परब हसले नाहीत. कॅन्टीनमध्ये चहाची नुसती साय बघत बसले होते.

"अंगठ्यांचं काही नाही हो ताई," ते म्हणाले. "आई गेल्यापासून अण्णा घरात कुणाशी बोलत नाहीत. त्यांचा आठवडा त्या शनिवारच्या पत्रावर चालतो. एकदा खोटं निघालं की ते माझं पत्र उघडणारसुद्धा नाहीत. मी ओळखतो त्यांना."

मला एकदम वाईट वाटलं. शेख म्हणाले, "मी ड्यूटी घेतो. इतक्या जोरात चालवतो गुरुजींना, की वही उघडायला सवडच मिळणार नाही."

पण गुरुजी स्टेशनवर उतरताच म्हणाले, "मार्गदर्शन चिरंजीवच करतील. तुम्ही दोघे साक्षीदार म्हणून या."

*

जानेवारीतला रविवार. धोतर, काळी टोपी, मफलर, कॅनव्हासचे बूट, काखेत वही, कानावर तांबडी पेन्सिल. गुरुजी पुढे, आम्ही मागे.

जंतर मंतरच्या कोपऱ्यावरच परबांनी शेवटचा डाव टाकला. "अण्णा, हे आज दुरुस्तीसाठी बंद आहे." तेवढ्यात आतून सहलीची चाळीसेक मुलं किंचाळत बाहेर आली! गुरुजींनी पेन्सिल कानावरून काढली आणि वहीच्या शेवटी नवीन मुद्दा लिहून त्यावर फुली मारली.

मग फाटकावरच्या चौकीदाराला पाठ्यपुस्तकातल्या हिंदीत विचारलं, "महोदय, क्या यहाँ रानी साहेब पापड़ सुखाती थीं?"

चौकीदाराने गंभीरपणे विचार केला. "बाबूजी, मेरी ड्यूटी नौ बजे से है. उससे पहले का पता नहीं."

गुरुजींनी प्रश्नचिन्ह काढलं. परबांनी चौकीदाराकडे असं बघितलं की आता त्याच्या पाया पडतील!

कॅनॉट प्लेसमध्ये परब म्हणाले, "अण्णा, मोजू नका, तो चणेवाला सरकतो." गुरुजींनी गळ्यातला मफलर काढला, पहिल्या खांबाला गाठ मारून बांधला आणि शेखांना तिथे उभं केलं. खांब मोजत पूर्ण फेरी मारून परत आले. हजाराच्या आसपाससुद्धा नाही. फुली!

"मफलर सरकत नाही," गुरुजी म्हणाले, आणि तो परत गळ्याला गुंडाळला.

डबा आम्ही मधल्या हिरवळीवर खाल्ला. आपल्या पुरचुंडीतले दोन बेसनाचे लाडू गुरुजींनी मला आणि शेखांना दिले. परबांना दिला नाही. परबांनी आपल्या डब्याला झाकण लावून टाकलं.

*

दुपारी आम्ही राजपथावर. समोर टेकडीवर राष्ट्रपती भवन. वहीतला हा मुद्दा गुरुजींनी गावीच फुली मारून आणला होता. 'जवळ चालत गेले की इमारत खाली बुडते.' "हे तपासायचीसुद्धा गरज नाही," ते म्हणाले. "एवढी इमारत बुडायला ती काय होडी आहे?"

"चला तर खरं, अण्णा," परब पुटपुटले.

चालायला लागलो. विजय चौक जवळ आला आणि बघता बघता इमारत चढाच्या मागे गेली, नुसता घुमट उरला! गुरुजी थबकले. मागे गेले, इमारत वर आली. पुढे आले, बुडाली. असं त्यांनी चार वेळा केलं. तिथला शिपाई आमच्याकडे संशयाने बघायला लागला.

गुरुजींनी माझ्यापुढे हात केला. "मुली, रबर आहे का?"

टायपिस्टच्या पर्समध्ये रबर नसेल तर काय असेल! फुली खोडली गेली. अख्ख्या दिवसात परबांच्या चेहऱ्यावर तेवढंच काय ते रक्त आलं.

*

इंडिया गेटला पोचेपर्यंत ऊन तिरपं झालं होतं. गुरुजींनी टोपी काढली आणि भिंतीवरची जवानांची नावं मान वर करून बराच वेळ वाचली. मग टोपी घालून ते हिरवळीवर आले आणि वही उघडली.

"शेवटचा मुद्दा. थंडीत दोन बोटं आखडतं, मे महिन्यात वाढतं. आता जानेवारी आहे. म्हणजे हे तपासायला मला मे महिन्यापर्यंत तुझ्याकडे राहावं लागेल."

परबांची पाचावर धारण बसली. "नको अण्णा! खोटं आहे! ते पण खोटं आहे!"

गुरुजींनी फुली मारली, वही मिटली, पिशवीत तळाशी घातली आणि पिशवीची गाठ मारली. ती गाठ बघून परबांचे डोळे भरले.

"अंगठे धर."

आणि परबांनी धरले! रविवारची संध्याकाळ, फुगेवाले, आइस्क्रीमच्या गाड्या, अर्धी दिल्ली हिरवळीवर, आणि मधोमध आमच्या मंत्रालयाचे असिस्टंट ओणवे! शेखांनी त्यांचा चष्मा आणि खिशातलं पेन सांभाळलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचं की रडण्याचं, अजून सांगता येत नाही.

एक पोलीस धावत आला. "क्या हुआ इनको?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "इनके पिताजी आए हैं."

"अच्छा, अच्छा," म्हणत त्याने गुरुजींना सलाम ठोकला आणि निघून गेला.

तेवढ्यात जळगावकडचं एक कुटुंब आलं. आजोबा, सून, दोन नाती. टोपी बघून आजोबांनी ओळखलं. "नमस्कार, आपलेच दिसता! या इंडिया गेटची काही माहिती सांगाल का पोरींना?"

गुरुजींनी घसा साफ केला. शनिवारी शाळेत करत असतील तसाच.

"मुलींनो, नीट ऐका. हे थंडीत दोन बोटं आखडतं आणि मे महिन्यात परत वाढतं. म्हणून दर महिन्याला माप घ्यायला इथे एक सरकारी शिंपी नेमलेला आहे. फार प्रामाणिक मनुष्य. त्याला सरोजिनी नगरात क्वार्टर आहे."

"अण्णा!" खालून परबांचा गुदमरलेला आवाज आला. "शिंपी मी लिहिला नव्हता!"

"अंगठे सोडू नकोस," गुरुजी म्हणाले. "आणि पुढच्या पत्रात त्या शिंप्याचं नाव कळव. पोरं विचारतील."